परत येण्याचा पुरावा

माझ्या शाळेने मला निरोप दिला आणि पुढच्याच सोमवारी मी पुन्हा त्याच शाळेत हजेरीच्या मस्टरपुढे उभी होते. मस्टरवर माझं नाव नव्हतं. स्टाफरूममधल्या माझ्या खुर्चीवरची उशी गणिताच्या बाईंनी नेली होती, माझ्या कपाटात चित्रकलेचे रंग ठेवले होते आणि नववी ब मध्ये एक नवीन मुलगी माझंच नागरिकशास्त्र शिकवत होती. मुख्याध्यापिका बाहेर आल्या, मला पाहून दचकल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुम्ही? काही राहिलं का?"

मीच राहिले होते. ते त्यांना कसं सांगावं, तेच कळेना.

मी राहते बेसा भागात आणि शाळा कामठीला. म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्याही पुढे, आधी मेट्रो आणि मग शेअर ऑटो. इतकी वर्षं रोज एवढा प्रवास करणाऱ्या बाईला देश सोडून जाण्याची हौस असेल असं कोणाला वाटलं नसतं. पण माझी फाइल होती.

ती फाइल माझ्या धाकट्या भावाने टाकली. तो शिकायला म्हणून परदेशात गेला आणि तिकडचाच झाला. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझा एक अर्ज अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि आमच्या ह्यांचं म्हणणं की उगाच कशाला. तर ज्या वर्षी त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालं, त्या वर्षी राखीच्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात मोठा आनंद होता.

"ताई, यंदा साडी-बिडी नाही पाठवली. यंदा तुझ्यासाठी फाइल टाकली."

"कसली फाइल?"

"इथं कायमचं यायची. भावाबहिणीची वेगळी कॅटेगरी असते ना."

"अरे पण मले कुठं यायचं आहे?"

"आत्ता नाही गं! नंबर लागायलेच पंधरा-वीस वर्षं लागते. तोवर होते मन."

आमच्याकडे लोक जामठ्याच्या पुढे कुठे तरी प्लॉट घेऊन ठेवतात आणि विसरून जातात. तशी मी ती फाइल विसरले. अधूनमधून राखीला तो म्हणायचा, "सरकून राहिली हं रांग," आणि मी म्हणायची, "बरं झालं," आणि मग आम्ही आईच्या तब्येतीवर बोलायचो.

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मी एकुलती एक आत्या. मी आणि आईने तीन आठवड्यांसाठी जायचं ठरलं. आई कुहीजवळच्या गावात राहते, एकटी, स्वतःच्या मर्जीने. धानाची शेती तीच पाहते. शेजारच्या शेतवालीशी तिचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण चालू आहे. ते तहसीलमध्ये गेलं, तिथून आणखी वर गेलं. दोघी तारखेला एकाच ऑटोने जातात आणि ऑटोत एकमेकींशी बोलत नाहीत.

लग्नाला जायचं म्हणजे व्हिसा पाहिजे. त्यासाठी आम्ही सीताबर्डीवर एका सल्लागाराकडे गेलो. साड्यांच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस. भिंतीवर जगातल्या निरनिराळ्या शहरांची घड्याळं होती आणि त्यांतलं फक्त नागपूरचं बंद होतं. त्याने आम्हां तिघांना, म्हणजे मला, आईला आणि ह्यांना, समोर बसवलं आणि फार शांतपणे समजावलं.

"हे पहा मॅडम, दरवाजे दोनच आहेत. एक कायमचं राहायला जाणाऱ्यांचा, एक पाहून परत येणाऱ्यांचा. पहिल्या दरवाजावर सांगायचं, मला इथंच राहायचं आहे, मरेपर्यंत. दुसऱ्या दरवाजावर सांगायचं, मला तुमच्याकडे राहायचंच नाही, लग्नाचं जेवण झालं की निघालो. चुकून एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं, की खल्लास."

"आणि मनात दोन्ही असलं तर?" मी विचारलं.

"तशी सूट फक्त नोकरीवाल्यांना आहे. काही नोकरीच्या व्हिसांत माणूस तात्पुरता जाऊ शकतो आणि मनात कायमचं ठेवू शकतो. कायद्यानेच. टुरिस्टला दोन मनं अलाउड नाहीत."

"लग्न झालेल्याले?" हे म्हणाले. सल्लागार हसला नाही. तो फॉर्म भरू लागला.

बाकी सगळं सरळ चाललं होतं. मग त्याने स्क्रीनवरचा एक प्रश्न वाचला: तुमच्यासाठी कोणी कधी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का? नाही म्हणणार इतक्यात मला राखीची ती फाइल आठवली आणि मी "हो, भावाने" म्हणाले. सल्लागाराचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आधीच पळून गेले आहे आणि इथे नुसता माझा फोटो बसला आहे.

"म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही कायमच्या निघालेल्या आहात," तो म्हणाला. "आणि आता तुम्ही त्यांनाच सांगणार, मी तीन आठवड्यांत परत जाईन."

"पण मी येणारच आहे परत."

"मला नका सांगू. तिकडे सिद्ध करा. तिथं प्रत्येक माणूस राहायलाच आला आहे, असं धरून चालतात. नाही हे तुम्ही दाखवायचं."

मी आयुष्यभर नववीच्या पोरांना शिकवत आले की आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. आता मला न केलेली गोष्ट पुढेही करणार नाही याचा पुरावा द्यायचा होता.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांना नेऊ नका," तो पुढे म्हणाला. "कोणी तरी मागे राहिलेलं बरं दिसतं."

"म्हणजे मी तारण?" ह्यांनी विचारलं.

"तसंच समजा."

हे एकदम खूश झाले. यांना विमानात बसायचंच नव्हतं.

मग आईची पाळी. आईचा प्रकार ऐकून तर मी थक्कच झाले. नागरिकाची आई म्हणजे पहिला मान. तिला रांगच नाही. तिने मनात आणलं तर तिला थोड्याच काळात कायमचं जाता येईल. मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं रांगेत होते, तो दरवाजा आईसाठी मात्र सताड उघडा होता.

"मंग त्यायले सांग, मले नाई पायजे," आई म्हणाली.

"हेच बोला काकू तिथं," सल्लागार म्हणाला. "अस्संच बोला."

मग आमची तालीम सुरू झाली. तो अधिकारी व्हायचा आणि मी मी. दर वेळी तो मला थांबवायचा. "मॅडम, चेहऱ्यावर परत यायचं दिसत नाही. घराची आठवण आल्यासारखं करा." मी बेशातलं आमचं घर आठवायची. समोरचा अर्धवट सिमेंटचा रस्ता, रोज एकेक मजला चढणारी शेजारची फ्लॅटस्कीम, गेटवर बसलेली कुत्री. "नको," तो म्हणायचा, "आता तर पळून जाल असं वाटतं."

घरी ह्यांनी पुराव्यांची जाडजूड फाइल बनवायला घेतली. घराचे कागद, माझी पगारपत्रकं, लग्नाचा दाखला, आमच्या मुलाचा कॉलेजचा दाखला. एका पानावर त्यांनी स्वतःचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मागे राहणारा नवरा'. मी ते पान काढलं. त्यांनी ते पुन्हा लावलं.

शाळेत मी रजेचा अर्ज दिला. सोबत सल्लागाराने सांगितलेलं ना-हरकत पत्र मागितलं आणि कशासाठी ते खरंखरं सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यातला 'कायम वास्तव्याचा अर्ज' एवढाच भाग ऐकला. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत झालं की मी चालले.

"मी तीन आठवड्यांत येणार आहे हो," मी प्रत्येकाला सांगत होते.

"सगळे असंच म्हणतात," गणिताच्या बाई माझ्या उशीकडे पाहत म्हणाल्या. "माझी मावसबहीण पण असंच म्हणाली होती. आता तिकडून फक्त मेसेज करते."

बुधवारी मला हॉलमध्ये बोलावलं तेव्हा मंचावर फुलांचं तोरण होतं आणि मागे मोठं बॅनर, 'निरोप समारंभ'. खाली माझं नाव आणि फोटो. मी तिथेच मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. "बाई, हे काय? माझी नोकरी आहे ना अजून!"

"आहे ना. पण मुलांनी तयारी केली आहे, आता कसं मोडायचं?" त्या म्हणाल्या. "आणि नंतर तुम्ही भेटणार कधी?"

मग शाल, श्रीफळ, भाषणं. एका मुलीने माझ्या शिस्तीवर कविता म्हटली आणि रडली. तिला मी कधी शिकवलंच नव्हतं. माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मी परत येणार आहे," आणि त्यावर इतक्या टाळ्या पडल्या की पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. सगळ्यांना ते वाक्य फार भावपूर्ण वाटलं. मलाही शेवटी रडू आलं. एवढी माणसं आपल्यासाठी रडताहेत म्हटल्यावर आपण कोरडं बसणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला गेलो. वकिलातीत आईला आणि मला एकाच खिडकीवर बोलावलं. काचेमागे एक गोरा, तरुण, पातळ मिशीचा अधिकारी होता. त्याने आईकडे पाहून हात जोडले आणि पुस्तकी मराठीत म्हणाला, "नमस्कार. आपण कुशल आहात ना?"

आई माझ्याकडे वळली. "हा काहून असा बोलून राह्यला वं? पूजेले बसला का?"

त्याने आधी मला घेतलं. भाऊ तिथे, भाची तिथे, आई सोबत निघालेली, आणि माझ्या नावाने कायमचा अर्ज. "मग आपण परत का याल?"

मी पाठ केलेलं बोलले. घर, नवरा, मुलगा, नोकरी. तो म्हणाला, "नोकरीविषयी काही दाखवू शकाल?" कागद सहसा पाहत नाहीत असं सल्लागार म्हणाला होता, त्यामुळे मी खूश झाले आणि ह्यांनी बनवलेली फाइल काचेखालून आत सरकवली. त्याने पान उघडलं. पगारपत्रकं होती, ना-हरकत पत्र होतं आणि त्यानंतर एक मोठा रंगीत फोटो होता. मी शाल पांघरून मंचावर उभी, भोवती शिक्षक, हातात नारळ. ह्यांनी तो आदल्या दिवशी प्रिंट करून 'शाळेत मानाचे स्थान' म्हणून लावला होता. मी पाहिलाच नव्हता.

अधिकारी वाकला. बॅनरवरची अक्षरं एकेक करून बोट लावून वाचू लागला. "नि... रो... प." मग वर पाहिलं. "निरोप म्हणजे, जेव्हा कोणी सोडून जातो तेव्हा देतात, तो ना?"

मी म्हणाले, "हो. पण मी जात नाहीये."

"मग निरोप कशासाठी?"

"त्यांना वाटलं मी जाते आहे."

"ते आपल्याला ओळखतात?"

"वीसेक वर्षांपासून."

त्याने मान हलवली. मला राग आला नाही, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मग तो आईकडे वळला.

"आपले पुत्र नागरिक आहेत. आपण तिकडे कायमच्या का राहत नाही?"

"मी काहून राहू? माह्यी पुढच्या महिन्यात तारीख हाय."

"कसली तारीख?"

आईने सांगितलं. धुरा कुठून कुठे होता, तो सरकला कसा, शेजारणीने खुंट्या केव्हा उपटल्या, तिच्या सासूने आधी काय कबूल केलं होतं. अधिकारी मधे मधे "खुंट्या म्हणजे?" असं विचारत होता आणि आई हाताने काचेवर शेत काढून दाखवत होती. मागची रांग खोळंबली. शेवटी आई म्हणाली, "मी तिथं जाऊन बसली तर ते अख्खा धुरा खाऊन टाकन, बाबू. आन तिथं मी भांडू कोणाशी? माह्या सुनेशी? ते तर सॉरी म्हणते."

आईला व्हिसा मिळाला. दहा वर्षांचा. मला एक छापील कागद मिळाला, त्यात लिहिलं होतं की मी परत येईन हे मला सिद्ध करता आलं नाही.

ट्रेनमध्ये आई माझ्या शेजारी बसली होती. तिला इंग्रजी येत नाही आणि ती माझ्याशिवाय जाणार नव्हती. जिला जायचं नव्हतं तिच्याकडे परवानगी होती. वर्ध्याच्या आसपास ती म्हणाली, "तुह्यं भांडण नाई कोणाशी, म्हणून असं झालं."

आणि मग तो सोमवार आला, मस्टरवाला. नवीन मुलीला काढायचं कसं म्हणून मला आठवडाभर ग्रंथालयात बसवलं. लोक येऊन हळू आवाजात विचारत, "असं कसं झालं हो?" कॉलनीतल्या एक बाई डबा घेऊन आल्या. कोणी गेल्यावर आणतात तसा, पिठलं-भाताचा. एका सहकाऱ्याने शालीचं विचारलं, म्हणजे ती आता परत द्यायची असते का, की राहू द्यायची. मी दिली. त्यांनी घेतली नाही, मीही परत नेली नाही. ती अजून मुख्याध्यापिकांच्या टेबलाच्या खणात आहे.

सल्लागार म्हणाला, परिस्थिती बदलली पाहिजे, तर पुन्हा अर्ज करता येईल. "पण माझी परिस्थिती बदललेलीच नाही, तीच तर माझी बाजू आहे," मी म्हणाले. तो म्हणाला, "मग फोटो तरी बदला."

हे मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांना मनातून वाईट वाटतच होतं. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये तेच तोरण, तीच मुलं, आणि बॅनरवर 'पुनरागमन सोहळा'. कविता म्हणणारी तीच मुलगी होती. या वेळी ती आनंदाने रडली.

दुसऱ्यांदा मी एकटीच गेले. खिडकीवर एक वयस्क बाई होत्या. मी फोटो अगदी वर ठेवला होता. त्यांनी फाइलला हातही लावला नाही.

"कोणाचं लग्न?"

"भाचीचं."

"काय शिकवता?"

"नागरिकशास्त्र."

"कठीण विषय," त्या म्हणाल्या आणि व्हिसा मंजूर केला. मी 'पण फोटो' म्हणेपर्यंत पुढचा माणूस खिडकीशी आला होता.

लग्न छान झालं. तिकडे उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला आणि आईला सहा महिने राहायचा शिक्का मारला, तेव्हा मी त्याला तीन आठवडे पुरतील म्हणून सांगायला गेले आणि आईने मला कोपर मारलं. भाऊ मात्र रोज सकाळी चहाला बसलं की म्हणायचा, "राहून जा ना ताई. नाही तरी तुझा नंबर येऊनच राहिला." मी ठरलेल्या दिवशी आईला घेऊन विमानात बसले. नागपूरला उतरल्यावर माझ्या परत येण्याची नोंद घ्यायला कोणीच नव्हतं. हे सोडले तर. तेही उशिरा आले, कारण मागे राहणाऱ्या नवऱ्याची दुपारची झोप लांबली होती.

त्या थंडीत भावाला इकडे यायचं होतं. त्याचा फोन आला तेव्हा आवाज विचित्र होता. त्याने मूळच्या भारतीयांसाठी असतं ते कार्ड आळसाने कधी काढलंच नव्हतं. त्यामुळे त्याला आता भारताच्या टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरावा लागत होता.

"ताई, इथं विचारून राहिले, भेटीचा उद्देश काय?"

"आईले भेटणं लिही."

"लिहिलं. आता विचारते, भारतात कोणाला ओळखता. एकाच माणसाचं नाव मागते."

"माझं टाक."

"आणि पाहायची ठिकाणं?" तो म्हणाला. "मी कुही लिहिलं तर चालते का गं?"

त्याला तीस दिवस मिळाले. तो आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला की आपण टुरिस्ट आहोत, तर नियमाने फिरलं पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं? ज्या फुटाळा तलावाच्या काठावर त्याने कॉलेजचे तास बुडवले, तिथे तो कॅमेरा घेऊन उभा राहिला. दीक्षाभूमीला गेला, रामटेकला गेला, बसची तिकिटं जपून पाकिटात ठेवली. आईच्या गावी गेलो तेव्हा त्याने धानाच्या बांध्यांचे, म्हणजे खाचरांचे, फोटो काढले, धुऱ्याचेही काढले आणि शेजारणीला विचारून तिचाही एक काढला. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आईला विचारलं, "हा कुठला पाहुणा वं?" धुऱ्याच्या प्रकरणानंतर ती आईशी पहिल्यांदाच बोलली. आई म्हणाली, "परदेशी हाय," आणि त्याला पाटावर बसवलं.

ताट वाढलं तरी तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मी विचारलं, काय पाहतोस? टुरिस्टला नातेवाइकांकडे मुक्काम करता येतो का, ते तो तपासत होता.